स्टार डिफेंडरसाठी पहिल्या फेरीचे पिक मोजावेत का?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमध्ये ग्रीन बे पॅकर्सनी ऑगस्ट २०२५मध्ये मायका पार्सन्स ह्या डिफेंडरसाठी डॅलस काउबॉइजना २०२६ आणि २०२७ असे दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक (म्हणजे कॉलेजमधून येणारा नवा खेळाडू निवडायच्या पाळ्या) दिले, वर केनी क्लार्कसारखा मुरलेला खेळाडूही दिला. डिसेंबरात पार्सन्सचा गुडघा गेला आणि हंगाम हातचा निसटला. नशिबाचा भाग सोडला, तर असा सौदा मुळात परवडतो का?

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी शिकागोच्या पश्चिमेच्या उपनगरात राहतो. आधी विमा क्षेत्रात ॲक्च्युअरी (जोखमीचे हिशेब करणारा) होतो, गेली चौदा वर्षं खेळाडूंच्या एजंटांसाठी करारांचे हिशेब करतो. म्हणजे टेबलाच्या ज्या बाजूला खेळाडू बसतो त्या बाजूला माझी खुर्ची असते. माझा कल तिकडे झुकलेला असणार, तेवढं गृहीत धरून वाचा.

गुडघ्याचा विषय सुरुवातीलाच उरकतो. १४ डिसेंबरला डेन्व्हरमध्ये पार्सन्सचा एसीएल फाटला. त्या सामन्यासकट १४ सामन्यांत त्याच्या नावावर साडेबारा सॅक होते (सॅक म्हणजे क्वार्टरबॅकला, चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला, चेंडू फेकायच्या आत पाडणं), आणि त्याआधी पॅकर्स ९-३-१ वर होते, म्हणजे नऊ विजय, तीन पराभव, एक बरोबरी. तो सामना ते हरले, पुढचे तिन्ही हरले, आणि प्लेऑफमध्ये शिकागोविरुद्ध मध्यंतराला २१-३ पुढे असूनही ३१-२७ हरले. चटका लावणारा शेवट होता. पण ड्राफ्टमधून आलेल्या पोराचाही गुडघा जातोच. फरक इतकाच की तो गेला तर वर्षाचे तीस-चाळीस लाख डॉलर घरी बसतात, आणि पार्सन्स गेला तर चार कोटी सत्तर लाख. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात आहे.

ज्यांनी हा खेळ नुकताच बघायला घेतलाय त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. एनएफएलमध्ये आयपीएलसारखा लिलाव नसतो. कॉलेजमधून येणारी मुलं ड्राफ्टमध्ये सात फेऱ्यांत वाटली जातात. ३२ संघ, ज्याचा हंगाम सगळ्यात वाईट त्याची पाळी आधी. त्या पाळीला म्हणतात पिक. युरोपातल्या फुटबॉलसारखं खेळाडूसाठी दुसऱ्या क्लबला रोख मोजायची पद्धत इथे नाही, त्यामुळे व्यवहाराचं चलन म्हणजे हेच पिक. दुसरीकडे पगारावर छप्पर आहे, सॅलरी कॅप. २०२५मध्ये ते २७ कोटी ९२ लाख डॉलर होतं. आयपीएलच्या पर्ससारखंच समजा: २०२५साठी पंतला २७ कोटी दिले तेव्हा १२० कोटींतले उरलेले ९३ कोटी बाकी सगळ्यांत वाटायचे होते.

आता मुद्द्याकडे. 'दोन पिक देऊन पार्सन्स घेतला' हे वाक्य अर्धवट आहे. पॅकर्सनी पिक दिले आणि त्याच दिवशी त्याला चार वर्षांचा १८ कोटी ८० लाखांचा करारही दिला. म्हणजे किंमत दोनदा मोजली. एकदा काउबॉइजना, एकदा खुद्द पार्सन्सला. एखाद्याने फ्लॅट घ्यावा, मूळ मालकाला पूर्ण रक्कम चुकती करावी आणि वर बाजारभावाने भाडंही भरत राहावं, तसला हा प्रकार. पिकची खरी किंमत त्यातून कोण स्टार निघेल ही नाहीच. पहिल्या फेरीतला मुलगा चार वर्षं ठरलेल्या स्वस्त पगारात खेळतो, आणि संघाला हवं असेल तर पाचवं वर्षही हातात असतं. चांगला निघाला तर त्याच्या बाजारभावातला आणि पगारातला फरक संघाच्या खिशात राहतो. तुम्ही पिक देता तेव्हा तो फरक देऊन टाकता. आणि घेता काय, तर असा माणूस ज्याला त्याच्या लायकीचा अख्खा पगार द्यावा लागतो. तो कितीही चांगला असला तरी त्याच्यात फरक उरत नाही.

म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगतो: बहुतेक वेळा परवडत नाही. परवडतं ते दोनच परिस्थितींत. एक, खेळाडूच्या पहिल्या स्वस्त कराराची वर्षं अजून शिल्लक असतील. दोन, तुमचा संघ आधीच इतका उभा असेल, मुख्यतः क्वार्टरबॅकच्या जागी, की त्या एका खेळाडूने पारडं खरोखर फिरावं. तिसरी परिस्थिती म्हणजे 'आमचा डिफेन्स ढिला आहे, कोणीतरी मोठा माणूस आणू या'. ह्या तिसऱ्या कारणानेच सगळ्यात जास्त सौदे होतात.

खलील मॅकचा सौदा मी अगदी जवळून पाहिला, कारण तो आमच्या गावात आला. १ सप्टेंबर २०१८. ओकलंड रेडर्सनी आपला हा डिफेंडर शिकागो बेअर्सना दिला. बेअर्सनी २०१९ आणि २०२०चे पहिल्या फेरीचे पिक, शिवाय २०२०चा तिसऱ्या आणि २०१९चा सहाव्या फेरीचा पिक दिला. उलट बाजूने मॅकसोबत २०२०चा दुसऱ्या फेरीचा पिक मिळाला आणि एक शर्तीचा पाचव्या फेरीचा. लगेच सहा वर्षांचा १४ कोटी १० लाखांचा करार. त्या वर्षीची कॅप होती १७ कोटी ७२ लाख.

९ सप्टेंबरला रविवारी रात्री ग्रीन बेच्या लॅम्बो मैदानावर पहिला सामना. गणपती गुरुवारी बसायचे होते. आमच्या बेसमेंटमध्ये चार घरची माणसं मखर करत होती. मी थर्माकोल कापत होतो आणि एक डोळा टीव्हीवर. मॅकला सराव म्हणून जेमतेम आठवडा मिळालेला. पहिल्या अर्ध्यात त्या माणसाने जे केलं ते मी पुन्हा पाहिलेलं नाही. पॅकर्सचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स दुखापतीने आत गेलेला, बदली क्वार्टरबॅक डिशोन कायझर. मॅकने कायझरला गाठलं आणि त्याच्या हातातून चेंडू अक्षरशः काढून घेतला, एखाद्या पोराच्या हातातला लाडू काढावा तसा. सॅक त्याचा, फंबल त्याने पाडलेला, उचललेलाही त्यानेच. मग पास मध्येच पकडून थेट टचडाउन (चेंडू गोलरेषेपार). माझ्या हातातलं कटर थांबलं, मखराची एक कमान वाकडी कापली गेली आणि ती दहा दिवस तशीच सगळ्यांना दिसली. बेअर्स २०-० पुढे.

मग रॉजर्स एका पायावर लंगडत परत आला आणि पॅकर्स २४-२३ जिंकले.

त्या एका रात्रीत अख्खं गणित होतं, पण मला तेव्हा ते कळलं असं म्हणणार नाही. तेव्हा मी फक्त चरफडलो. डिफेंडर कितीही अफाट असला तरी त्याच्या हातात सामना अर्धाच असतो. दुसऱ्या अर्ध्यात त्याला बाकावर बसून आपला क्वार्टरबॅक काय करतो ते बघावं लागतं. बेअर्सचा क्वार्टरबॅक होता मिचेल ट्रुबिस्की, २०१७चा दुसरा पिक. त्याचा पगार स्वस्त होता म्हणूनच मॅकला एवढे पैसे देता आले, आणि बेअर्सचा डाव कागदावर बरोबर होता: क्वार्टरबॅक स्वस्त आहे तोवर डिफेन्सवर ओता. पण स्वस्त क्वार्टरबॅक चांगलाही असावा लागतो. २०१८ला बेअर्स १२-४ राहिले, आणि प्लेऑफमध्ये कोडी पार्कीची किक आधी खांबाला आणि मग आडव्या दांडीला लागून बाहेर आली, १६-१५ने घरी. त्यानंतर ८-८, पुन्हा ८-८, मग ६-११. मॅकचे चार वर्षांत ३६ सॅक झाले, साडेबारा पहिल्याच वर्षी. मार्च २०२२मध्ये नव्या जनरल मॅनेजरने त्याला चार्जर्सना दिलं ते २०२२चा दुसऱ्या आणि २०२३चा सहाव्या फेरीचा पिक घेऊन. वर २ कोटी ४० लाखांचं ओझं त्या वर्षीच्या कॅपवर राहिलं, जो माणूस आता तुमच्याकडे खेळतच नाही त्याच्यासाठी. ह्याला इथे डेड मनी म्हणतात.

डेड मनी कुठून येतो हे लोकांना नेहमी कोडं वाटतं. सही करताना मोठा बोनस एकरकमी दिला जातो, पण कॅपच्या वहीत तो जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागून दाखवता येतो. त्यामुळे पहिल्या वर्षी कागदावर स्टार खेळाडू आश्चर्यकारक स्वस्त दिसतो. चाहते म्हणतात, बघा, बसला की कॅपमध्ये! बसतोच. हप्ते पुढे सरकवलेले असतात. खेळाडू मध्येच गेला की राहिलेले हप्ते एकदम अंगावर येतात. आणि ज्याने हप्ते सरकवले तो मॅनेजर तेव्हा खुर्चीत असतोच असं नाही. मॅकला आणणारे रायन पेस जानेवारी २०२२मध्ये गेले, डेड मनी नवीन माणसाच्या वहीत आला.

दुसरी बाजूही पाहू, कारण 'पिक मिळाले म्हणजे विकणारा शहाणा' हाही गैरसमजच. रेडर्सनी २०१९च्या पिकने, म्हणजे २४व्या क्रमांकाने, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) जॉश जेकब्ज घेतला. चार वर्षांचे साधारण १ कोटी २० लाख, आणि २०२२ला तो लीगमध्ये सर्वाधिक धावलेला बॅक ठरला. हे उत्तम. २०२०च्या १९व्या क्रमांकावर डेमन आर्नेट घेतला, त्याला दुसऱ्याच हंगामात काढावं लागलं. आणि मॅकची पोकळी भरायला म्हणून त्यांनी स्वतःचा २०१९चा चौथ्या क्रमांकाचा पिक क्लेलिन फेरेलवर घालवला, ज्याचं पाचवं वर्ष त्यांनी उचललंसुद्धा नाही. मॅक गेल्यावर २०१८च्या अख्ख्या हंगामात रेडर्सचे सगळे मिळून १३ सॅक झाले, लीगमध्ये सर्वात कमी. तिकडे एकट्या मॅकचे साडेबारा. थोडक्यात, त्या सौद्यात दोघेही हरले म्हटलं तरी चालेल. असं होतं. व्यापारात कोणीतरी जिंकलंच पाहिजे असा नियम नाही.

आता माझ्या स्वतःच्या चुकीचं सांगतो, कारण ह्या विषयातलं मला जे थोडंफार कळतं ते तिच्यातून आलं.

जुलै २०२०. सिएटल सीहॉक्सनी न्यू यॉर्क जेट्सकडून सेफ्टी (डिफेन्सच्या मागच्या फळीतला खेळाडू) जमाल ॲडम्स घेतला. दिलं काय, तर २०२१ आणि २०२२चे पहिल्या फेरीचे पिक, २०२१चा तिसऱ्या फेरीचा, आणि ब्रॅडली मॅकडूगल्ड. मिळाला ॲडम्स आणि २०२२चा चौथ्या फेरीचा पिक. त्या आठवड्यात मी एका एजंटसाठी तुलनेचं कोष्टक करत होतो. आमच्या धंद्यात अजूनही जिमी जॉन्सनचा तक्ता हाताशी असतो, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काउबॉइजमध्ये तयार झालेला. पहिला पिक ३,००० गुणांचा, १६वा १,००० गुणांचा, ३२वा ५९०. आज त्याच्यापेक्षा चांगले तक्ते आहेत, पण फोनवर दोन मॅनेजर बोलतात तेव्हा भाषा अजून त्याच वळणाची असते. मी सीहॉक्सच्या दोन्ही पिकना २५वा क्रमांक धरला, प्रत्येकी ७२०. रसेल विल्सन क्वार्टरबॅक असताना सीहॉक्स वाईट खेळणार तरी किती? भविष्यातला पिक म्हणून २०२२चा आणखी थोडा खाली आणला, कारण प्रघातच तसा आहे: पुढच्या वर्षीचा पिक साधारण एक फेरी खालचा धरायचा. मी लिहून दिलं की किंमत महाग आहे पण अगदीच अवाच्या सवा नाही.

पहिला पिक २३वा आला, ठीक. २०२१मध्ये विल्सनचं बोट मोडलं, सीहॉक्स ७-१० राहिले, आणि तो 'एक फेरी खालचा' पिक दहावा आला. दहाव्याचे गुण १,३००. जेट्सनी त्यावर गॅरेट विल्सन घेतला, जो २०२२चा सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू ठरला. २३वा पिक त्यांनी वर सरकायला वापरून अलाइजा व्हेरा-टकर आणला. ॲडम्सचं काय झालं? पहिल्या वर्षी साडेनऊ सॅक, डिफेन्सिव्ह बॅकसाठी (मागच्या फळीतल्या डिफेंडरसाठी) तो विक्रम होता. ऑगस्ट २०२१मध्ये सुमारे ७ कोटींचा चार वर्षांचा करार. मग खांदा, मग मांडीचा स्नायू. २०२२ला एकच सामना. मार्च २०२४मध्ये सीहॉक्सनी त्याला सोडून दिलं. चार हंगामांत ३४ सामने.

माझी चूक आकड्याची नव्हती, समजुतीची होती. मी पिकला नोट समजत होतो. भविष्यातला पिक हा रक्कम न लिहिता सही करून दिलेला चेक असतो, आणि त्यावरची रक्कम तुमच्याच पुढच्या हंगामाने भरली जाते. हंगाम चांगला गेला तर छोटी, बिघडला तर मोठी. म्हणजे ज्या वर्षी तुम्ही आधीच अडचणीत, नेमक्या त्याच वर्षी सर्वात जास्त भरायचं. विम्यात आम्ही ह्याच्या बरोब्बर उलटं करतो. घर जळलं तर पैसे मिळतात. इथे घर जळलं की पैसे द्यावे लागतात. चौदा-पंधरा वर्षं विम्याचं काम केलेल्या माणसाला हे दिसू नये, ह्याची मला आजही लाज वाटते.

ॲडम्सच्या बाबतीत जागेचाही प्रश्न होता. सेफ्टी, त्यातही लाइनजवळ खेळणारा आणि ब्लिट्झवर, म्हणजे अचानक क्वार्टरबॅकवर धावून जाऊन, सॅक मिळवणारा. ते सॅक बऱ्याच अंशी डावपेचांनी मिळतात. त्याला मोकळी वाट करून दिलेली असते. एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर चालून जाणारा) स्वतःच्या ताकदीने समोरच्या टॅकलला, म्हणजे क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्याला, मागे टाकून जातो, कॉर्नरबॅक एका रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) एकटा सांभाळतो. पैसे घालायचेच तर ह्या दोन जागांवर, किंवा मधल्या फळीतला खरोखर दांडगा डिफेन्सिव्ह टॅकल असेल तर त्याच्यावर. सेफ्टीवर दोन पहिल्या फेऱ्या मला आज कोणी कितीही समजावलं तरी पटणार नाहीत.

तरी सेफ्टीचाच एक सौदा मी सगळ्यात चांगल्यांत मोजतो. पिट्सबर्ग स्टीलर्स आणि मिंका फिट्झपॅट्रिक. सप्टेंबर २०१९, स्टीलर्स ०-२, त्यांचा क्वार्टरबॅक रॉथलिसबर्गर कोपराच्या दुखापतीने हंगामाबाहेर. सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. एकच पहिल्या फेरीचा पिक गेला, बाकी खालच्या फेऱ्यांची अदलाबदल. पण फिट्झपॅट्रिक २०१८चा ११वा पिक होता, अजून दुसऱ्याच वर्षात. त्याचा सहीचा बोनस मायामीने आधीच चुकवलेला; पिट्सबर्गला फक्त वर्षाचा मूळ पगार द्यायचा होता. म्हणजे स्टीलर्सनी स्वस्त वर्षांसकट माणूस घेतला. त्याच वर्षी तो पहिल्या ऑल-प्रो संघात (लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत), २०२०ला पुन्हा, २०२२ला तिसऱ्यांदा. मोठा करार त्याला जून २०२२मध्ये मिळाला. तीन हंगाम अव्वल दर्जाचा खेळ नवोदिताच्या पगारात. दिलेला पिक १८वा आला, मायामीने त्यावर टॅकल ऑस्टिन जॅक्सन घेतला. मी एजंटांच्या बाजूचा माणूस, पण हा सौदा बघून मॅनेजरला मनोमन दाद दिली.

आणि तरी फिट्झपॅट्रिक तिथे असताना, २०१९ ते २०२४, स्टीलर्सनी प्लेऑफचा एकही सामना जिंकला नाही. हिशेब जिंकणं आणि सामने जिंकणं ह्यांत इतकं अंतर पडू शकतं.

मग लोक लॉस एंजेलिस रॅम्सचं नाव काढतात, आणि काढायलाच हवं. ऑक्टोबर २०१९मध्ये त्यांनी जॅक्सनविलला दोन पहिल्या फेऱ्या आणि एक चौथी देऊन कॉर्नरबॅक जेलन रॅम्सी घेतला, पुढच्या वर्षी त्याला पाच वर्षांचे १० कोटी दिले. २०१६ला जॅरेड गॉफ घेतल्यानंतर २०२४पर्यंत रॅम्सनी पहिल्या फेरीत एकही खेळाडू घेतला नाही. १३ फेब्रुवारी २०२२ला सिनसिनाटीला २३-२० हरवून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. विजयाच्या मिरवणुकीत त्यांचे जनरल मॅनेजर लेस स्नीड 'ते पिक गेले खड्ड्यात' अशा अर्थाचा, छापील भाषेत न बसणारा शर्ट घालून उभे होते. तेव्हापासून प्रत्येक उतावळ्या मालकाच्या डोळ्यांसमोर तो शर्ट आहे.

पण तो सामना पुन्हा लावून बघा. तिसऱ्या क्वार्टरच्या पहिल्याच चालीवर सिनसिनाटीच्या टी हिगिन्सने रॅम्सीला चकवून ७५ यार्डांचा टचडाउन केला. (हिगिन्सने त्याचा फेसमास्क ओढला होता आणि पंचांनी तो दिला नाही, हे रॅम्सीच्या बाजूने सांगायला हवं.) आणि शेवटच्या चालीवर, चौथा डाउन (शेवटची संधी), एक यार्ड हवा, सिनसिनाटीचा जामार चेज रॅम्सीला मागे टाकून मैदानात मोकळा धावत होता. त्यांचा क्वार्टरबॅक जो बरो ह्याला तो चेंडू टाकता आला असता तर कदाचित आज आपण हा सौदा फसल्याचं उदाहरण म्हणून सांगत असतो. टाकता आला नाही, कारण त्याआधी ॲरन डॉनल्डने त्याला गाठून गरगर फिरवलं होतं. डॉनल्ड म्हणजे रॅम्सनी २०१४ला स्वतः १३व्या क्रमांकावर घेतलेला खेळाडू. त्या सामन्याचा मानकरी कूपर कप, २०१७ची तिसरी फेरी. आणि क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड, जो वेगळ्या सौद्याने आला आणि ज्याच्याशिवाय ह्या सगळ्याला अर्थ नव्हता. रॅम्सी त्या भिंतीची शेवटची वीट होता. वीट चांगली होती, पण भिंत आधी उभी होती. दिलेले पिकही २०वा आणि २५वा आले, म्हणजे चेकवर रक्कम छोटीच भरली गेली.

मला त्या क्लबचा पुढचा अध्याय जास्त शिकण्यासारखा वाटतो. २०२३मध्ये त्यांनी रॅम्सीला मायामीला दिलं ते एक तिसऱ्या फेरीचा पिक आणि एक टाइट एंड घेऊन. मार्च २०२४मध्ये डॉनल्ड निवृत्त झाला. आता तरी कोणीतरी मोठं नाव आणतील असं वाटत होतं. त्यांनी उलट ड्राफ्ट धरला: २०२३च्या तिसऱ्या फेरीत कोबी टर्नर आणि बायरन यंग, २०२४ला १९व्या क्रमांकावर जॅरेड वर्स, ३९व्यावर ब्रेडन फिस्क. चौघेही नवोदितांच्या पगारात. जानेवारी २०२५च्या प्लेऑफमध्ये ह्याच पोरसवदा फळीने मिनेसोटाच्या क्वार्टरबॅकला नऊ वेळा पाडलं. त्याच मोसमात फिलाडेल्फियाने सुपर बोल ४०-२२ जिंकला, कॅन्सस सिटीच्या क्वार्टरबॅक माहोम्सला सहा वेळा सॅक करून. कॉर्नरच्या जागी क्विन्यन मिचेल आणि कूपर डीजीन, दोघेही त्याच वर्षीच्या ड्राफ्टमधले, पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतले. डीजीनने आपल्या बाविसाव्या वाढदिवसाला माहोम्सचा पास पकडून टचडाउन केला. ह्या मुलांचा एकत्रित पगार एका मॅकएवढाही होत नाही.

इथे एक प्रामाणिक आक्षेप येतो, आणि तो कच्चा नाही: ड्राफ्ट तरी कुठे खात्रीचा आहे? अर्थशास्त्रज्ञ केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (पुढे २०१७ला नोबेल मिळालेले तेच थेलर) ह्यांनी ड्राफ्टचा अभ्यास करून दाखवलं की एकाच जागेचे लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घेतले, तर आधी निवडलेला दुसऱ्यापेक्षा सरस निघण्याचं प्रमाण ५२ टक्के आहे. नाणेफेकच. मग आर्नेटच्या जागी सिद्ध झालेला माणूस घेणं शहाणपणाचं नाही का? त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष लोक विसरतात: संघ वरच्या पिकची किंमत वाजवीपेक्षा जास्त लावतात, आणि पगाराच्या मानाने सर्वाधिक मोबदला पहिल्या फेरीच्या उत्तरार्धात आणि दुसऱ्या फेरीत मिळतो. त्यांची आकडेवारी मात्र जुन्या काळची आहे, तेव्हा अगदी वरचे पिक भयंकर महाग पडत. २०१०चा पहिला पिक सॅम ब्रॅडफर्ड, हमीचेच ५ कोटी. २०११ला नवा श्रमकरार झाला आणि त्या वर्षीचा पहिला पिक कॅम न्यूटन चार वर्षांच्या २ कोटी २० लाखांत आला. रातोरात वरचे पिक सोन्याचे झाले.

म्हणून २००८चं जॅरेड ॲलनचं उदाहरण आज जसंच्या तसं लागू पडत नाही. व्हायकिंग्जनी त्याच्यासाठी कॅन्सस सिटीला एक पहिली आणि दोन तिसऱ्या फेऱ्या दिल्या. सहा हंगामांत साडेपंच्याऐंशी सॅक, एकट्या २०११मध्ये २२, आणि २०२५ला हॉल ऑफ फेम. तिकडे कॅन्सस सिटीला त्या पिकमधून ब्रँडन अल्बर्ट आणि जमाल चार्ल्स मिळाले. दोन्ही घरी दिवाळी. पण तेव्हा पिक सोडून दिल्याने स्वस्त मजूर जात नव्हता, कारण पहिल्या फेरीचा मजूर स्वस्त नव्हताच.

आता पार्सन्स. वयाच्या सव्वीसाव्या वर्षी आलेला एज रशर, म्हणजे जागा बरोबर, वय बरोबर. क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह ठरलेला. संघ प्लेऑफमध्ये जाणारा. माझ्या दुसऱ्या परिस्थितीत हे बसतं, म्हणून त्या आठवड्यात मी सौद्याला वाईट म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. खटकतं ते केनी क्लार्क देणं. मधल्या फळीतला वजनदार माणूस गेला की रन (चेंडू घेऊन धावत येणारा हल्ला) अडवणं जड जातं, आणि रन अडली नाही तर पास रशरला धावायची संधीच कमी मिळते. पिक दोन की तीन यावर सगळे वाद घालत होते. मी असतो तर तिसऱ्या फेरीचा आणखी एक पिक देऊन क्लार्कला ठेवला असता.

आणि डॅलसने काय केलं तेही मजेदार आहे. पार्सन्स विकला, नोव्हेंबरात जेट्सकडून डिफेन्सिव्ह टॅकल क्विनन विल्यम्स घेतला, आणि त्यासाठी २०२६चा दुसऱ्या आणि २०२७चा पहिल्या फेरीचा पिक दिला; डॅलसकडे २०२७चे दोन असणार, त्यांतला जो वरचा निघेल तो जेट्सचा. म्हणजे पॅकर्सने सही केलेला चेक कदाचित डॅलसच्या हातून परस्पर न्यू यॉर्कला वटेल. त्याच दिवशी जेट्सनी कॉर्नरबॅक सॉस गार्डनरही इंडियानापोलिस कोल्ट्सना दिला, दोन पहिल्या फेऱ्या आणि एक रिसीव्हर घेऊन. कोल्ट्स तेव्हा ७-२ होते. हंगाम संपला तेव्हा ८-९. त्यांच्या चेकवरची पहिली रक्कम कशी भरली गेली हे तुमच्या लक्षात आलं असेल.

पार्सन्सचा गुडघा किती बरा होतो, लव्ह टिकतो का, आणि २०२६चा हंगाम कसा जातो, ह्यावर २०२७च्या पिकचा क्रमांक ठरेल. माझ्या कोष्टकात त्या पिकसमोरचा रकाना रिकामा आहे. ॲडम्सनंतर मी तो आधी भरत नाही.